‘सर्वांत खरा युद्धाचा गेम कोणता?’ हे विचारण्याआधी या चुका टाळा

परीक्षा संपल्या की छत्रपती संभाजीनगरच्या गेमिंग कॅफेंमध्ये आणि लातूर-नांदेडच्या वसतिगृहांमध्ये एकच प्रश्न फिरू लागतो : आर्मा, स्क्वॉड, हेल लेट लूज (हे तीन मुख्यतः पायदळी लढाईचे) आणि डीसीएस (लढाऊ विमानांचा) यांतला सर्वांत खरा, म्हणजे प्रत्यक्ष युद्धाच्या सर्वांत जवळ जाणारा गेम कोणता? विचारणाऱ्याला एका शब्दात उत्तर हवे असते आणि तसे उत्तर देणारेही पायलीला पन्नास भेटतात. मात्र त्या उत्तरामागची तुलना बहुतेक वेळा इतकी कच्ची असते, की निष्कर्ष कोणताही निघाला तरी विकत घेतलेला गेम आठवड्याभरात धूळ खात पडतो. त्याच त्या चुका पाहून वैतागल्यामुळे त्या येथे लिहून ठेवत आहे. ज्या चुकांचा मला जास्त राग येतो त्यांवर जास्त लिहिले आहे, हे आधीच सांगतो.

मॉड घातलेला आणि न घातलेला गेम एकाच नावाने मोजणे

ही सर्व चुकांची आई आहे. झेकियातील बोहेमिया इंटरॅक्टिव्ह या कंपनीचा आर्मा ३ सप्टेंबर २०१३ मध्ये आला. विकत घेतल्यावर जो मूळ गेम मिळतो, त्यात गोळी अंतरानुसार खाली येते, पातळ भिंत भेदून पलीकडे जाते, पण वाऱ्याचा तिच्यावर काही परिणाम होत नाही. आणि जखमी सैनिक प्रथमोपचाराची एक पेटी वापरून काही सेकंदांत पुन्हा लढायला उभा राहतो. याच गेमवर एस ३ नावाचा मोफत मॉड (खेळाडूंनी बनवलेली, मूळ गेमचे वागणे बदलणारी जोड) चढवला, की रक्तस्राव, नाडी, रक्तदाब, वेदना, टूर्निकेट (रक्त थांबवायला हातापायाला आवळून बांधायचा पट्टा), सलाईन हे सगळे वेगवेगळे सांभाळावे लागते आणि त्यातील प्रगत बॅलिस्टिक्स, म्हणजे गोळीच्या मार्गाचे सखोल गणित, चालू केल्यास वारा व तापमानही हिशेबात धरावे लागते. नाव एकच, पण अनुभवाच्या दृष्टीने हे दोन निराळे गेम आहेत.

परभणीचे दोन मित्र, दोघेही अभियांत्रिकीचे विद्यार्थी, यावरून एकमेकांशी बोलेनासे झाले होते. एकाच्या मते आर्मातली जखम इतकी खरी आहे, की दुसरा कोणताही गेम तिच्या जवळपास येत नाही. दुसऱ्याच्या मते ती निव्वळ पोरखेळ आहे आणि म्हणूनच त्याने तो गेम सोडून स्क्वॉड विकत घेतला होता. पहिला मॉड लावलेल्या सर्व्हरवर एका गटासोबत खेळत असे, दुसऱ्याने सेलमध्ये घेतलेला मूळ गेम एकट्याने खेळून पाहिला होता, आणि हा फरक दोघांपैकी एकालाही ठाऊक नव्हता. शेवटी दोघांना एकाच संगणकासमोर बसवले आणि दुसऱ्याच्या हाती एस लावलेला गेम दिला. सोबत्याच्या मांडीला गोळी लागली होती. त्याने टूर्निकेट न बांधता थेट पट्ट्या मारायला सुरुवात केली, तोवर बरेच रक्त गेले. जखमी विव्हळतो आहे म्हणून मॉर्फिन दिले, फरक पडेना म्हणून पुन्हा दिले. पडद्यावरची नाडी उतरत उतरत शून्यावर आली. ‘‘दादा, ह्याला तर काहीच होईना गेलंय,’’ असे तो म्हणेपर्यंत जखमी मेलेला होता. मॉर्फिनने वेदना कमी होतात, तशी हृदयाची गतीही कमी होते, हे त्याला तेव्हा कळले आणि ‘आर्मा पोरखेळ आहे’ हे वाक्य त्याने पुन्हा उच्चारले नाही.

माझी सवय अशी, की तुलनेविषयी बोलण्याआधी गेमची आवृत्ती, लावलेले मॉड आणि सर्व्हरची काठिण्यपातळी एका ओळीत लिहून घ्यायची. समोरच्याला ही ओळ देता येत नसेल, तर त्याच्याशी वाद घालत नाही. आणखी एक : मूळ गेम कसा आहे हे पुरते कळेपर्यंत एकही मॉड लावू नये. पहिल्याच संध्याकाळी कोणाची तरी भलीमोठी मॉड-यादी उतरवून घेणारे उतावीळ लोक दुसऱ्या दिवशी ‘गेम क्रॅश होतोय’ म्हणून विचारायला येतात, आणि त्यांच्यासाठी माझ्याकडे सहानुभूती उरलेली नाही.

चित्र खरे दिसते म्हणून गेम खरा मानणे

डोळा हे या कामासाठी सर्वांत वाईट मोजमाप आहे. आर्मा ३ मधली दृश्ये खऱ्या युद्धाची म्हणून इतकी पसरवली गेली, की नोव्हेंबर २०२२ मध्ये खुद्द बोहेमियाला निवेदन काढून असे बनावट व्हिडिओ कसे ओळखावेत हे सांगावे लागले. चित्र धूसर असणे, कॅमेरा हलत राहणे, प्रसंग अंधारात घडणे, आवाज नसणे, माणसे हालचाल करताना न दिसणे, अशा त्या खुणा होत्या. म्हणजे दृश्य खरे वाटावे म्हणून आधी ते बिघडवावे लागते. उलट स्टील बीस्ट्स प्रो हा रणगाड्यांचा सिम्युलेटर दिसायला अगदी जुनाट आहे, पण त्यातली नेम धरण्याची यंत्रणा आणि चालक दलाची कामे अशी आहेत, की काही देशांची सैन्ये प्रशिक्षणासाठी तो वापरतात.

माईक न लावता स्क्वॉडला नावे ठेवणे

छत्रपती संभाजीनगरच्या उस्मानपुऱ्यातल्या एका कॅफेत एक होतकरू खेळाडू आर्मा आणि स्क्वॉड यांची तुलना करायला बसला होता. आर्मात त्याने एकट्याची मोहीम शांतपणे खेळली होती, त्यामुळे तो गेम त्याला आवडला होता. स्क्वॉडमध्ये मात्र त्याने हेडफोनचा माईक बंद ठेवला, नकाशा उघडला नाही, आणि मुख्य तळावरून निघून एकटाच माळरानातून पळत सुटला. बराच वेळ पळाल्यावर कुठून तरी गोळी आली आणि तो पडला. पुन्हा मुख्य तळ निवडला, पुन्हा पळाला, पुन्हा पडला. ‘‘यात नुसतं पळायलोय, कुठून मारायलेत काही कळंना गेलंय,’’ असे म्हणून त्याने निकाल दिला, की हा पळण्याचा सिम्युलेटर आहे.

त्याच्या पडद्यावर त्याच वेळी जे चालले होते ते त्याने पाहिलेच नाही. स्क्वॉडमध्ये एका बाजूला ५० असे १०० खेळाडू असतात आणि प्रत्येक तुकडी जास्तीत जास्त ९ जणांची असते. त्याचा स्क्वॉड लीडर (तुकडीचा म्होरक्या) रॅली पॉइंट, म्हणजे तुकडीला पुन्हा उतरण्याची जागा, टाकून सर्वांना तिथे यायला सांगत होता. दुसरी तुकडी रसदीचा ट्रक आणून रेडिओजवळ हॅब, म्हणजे पुढचा तळ, बांधत होती, म्हणजे पुढच्या वेळी तिथूनच उतरता आले असते. या गेमने बंदुकीइतकेच, किंबहुना बंदुकीपेक्षा जास्त, जे अनुकरण केले आहे ते आज्ञा, संपर्क आणि रसद यांचे आहे. माईक बंद करून स्क्वॉडची परीक्षा घेणे म्हणजे झाकण न उघडताच डब्यातल्या भाजीला बेचव म्हणणे. हेल लेट लूजचेही तेच : तिथे हॅबऐवजी गॅरिसन आणि आउटपोस्ट आहेत, पण ती बांधणारा कोणी नसेल, तर दुसऱ्या महायुद्धाचे उत्तम चित्रण असलेला तो गेमही पायपीटच ठरतो.

मी नव्या माणसाला एकच काम देतो : पूर्ण एक सामना स्क्वॉड लीडरच्या नजरेआड जायचे नाही, तो जे सांगेल ते करायचे आणि जे दिसेल ते दिशा व अंतर सांगून बोलायचे. ‘तिकडे आहे, तिकडे’ असे ओरडण्याऐवजी ‘दिशा १२०, झाडांच्या रांगेत, दोघे’ असे सांगितले, की तुकडीचे वागणेच बदलते. मोडकीतोडकी हिंदी आणि थोडे इंग्रजी एवढे त्यासाठी पुरते. भाषेच्या संकोचाने गप्प बसणारी आपल्याकडची मुले मला गप्पा मारणाऱ्यांपेक्षा जास्त हताश करतात.

वेगवेगळ्या थरांचे गेम एका तागडीत घालणे

आर्माच्या अल्टिस बेटाचे क्षेत्रफळ सुमारे २७० चौरस किलोमीटर आहे आणि त्यात पायदळ, रणगाडा, हेलिकॉप्टर, जेट असे सारे काही आहे. पण जेटच्या कॉकपिटमध्ये हात लावण्याजोगे फारसे काही नाही. डीसीएसमध्ये एफ/ए-१८सी हे लढाऊ विमान पूर्ण बंद अवस्थेतून सुरू करतानाच बटणांची लांबलचक मालिका एकेक करून दाबावी लागते, मात्र खाली उतरून चालणारा सैनिक व्हायला गेलात तर तो गेम त्यासाठी नाहीच. कॉम्बॅट मिशन या डावपेचांच्या गेममध्ये तुम्ही बंदूकच धरत नाही : एका मिनिटाच्या आज्ञा देता आणि ते मिनिट कसे उलगडते हे हात बांधून पाहता. हा शेवटचा प्रकार मला व्यक्तिशः सर्वांत खरा वाटतो, कारण खऱ्या अधिकाऱ्यालाही हेच करावे लागते. तुलना करायची तर ‘कोणता खरा’ असे न विचारता गोळी, यंत्र, आज्ञा आणि रसद यांपैकी कशाचे अनुकरण कोणी किती केले आहे, असे विचारावे.

वॉर थंडर या विमाने-रणगाड्यांच्या गेमचा आर्केड (सोपा केलेला) प्रकार खेळून डीसीएसशी तुलना करणाऱ्यांनी निदान त्याच गेममधल्या सिम्युलेटर लढाया आधी खेळाव्यात.

जुन्या व्हिडिओवर मत बनवणे

सप्टेंबर २०२३ मध्ये स्क्वॉडच्या पायदळी लढाईत मूलभूत बदल झाले : धावून आल्यावर बंदूक स्थिर व्हायला वेळ लागू लागला आणि शत्रूच्या माऱ्याखाली नेम धरणे अवघड झाले. त्याआधीचा कोणताही व्हिडिओ आज वेगळ्याच गेमविषयी बोलतो. व्हिडिओची तारीख पाहा. अर्ध्या मिनिटाच्या रीलवरून गेम निवडणाऱ्यांना मात्र तारीख पाहूनही काही उपयोग होणार नाही.

‘हा गेम लष्कर वापरते’ हे ऐकून भारावणे

आर्माविषयी असे सांगितले जाते, पण लष्करे वापरतात ते व्हीबीएस हे प्रशिक्षणाचे सॉफ्टवेअर. त्याची मुळे बोहेमियाच्याच २००१ च्या ऑपरेशन फ्लॅशपॉइंट या गेमच्या तंत्रात आहेत, हे खरे. पण ते स्वतंत्र उत्पादन आहे, आणि ते बनवणारी कंपनी २०२२ मध्ये बीएई सिस्टिम्सने विकत घेतली. आर्मा घेऊन तुम्हाला ते मिळत नाही. तसेच २००९ चा ऑपरेशन फ्लॅशपॉइंट : ड्रॅगन रायझिंग हा नावाने जुना असला, तरी तो बोहेमियाने बनवलेला नाही, त्यांची मालिका आर्मा या नावाने पुढे गेली.

परताव्याच्या भरवशावर घाईने निकाल देणे

स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळले असेल, तर पैसे परत मिळतात. आर्मात हे २ तास बटणे लावण्यातच जातात. म्हणून आधी फुकटची सोय वापरावी : डीसीएस स्वतः मोफत आहे, त्यात एसयू-२५टी आणि टीएफ-५१डी ही विमाने मिळतात आणि त्यांच्या स्वतःच्या दुकानातून बहुतेक मॉड्यूल (वेगळी विकली जाणारी विमाने वगैरे) १४ दिवस मोफत चालवून पाहता येतात. स्क्वॉड आणि हेल लेट लूज अधूनमधून मोफत वीकेंडला उघडे असतात, तेवढी वाट पाहण्याचा संयम ठेवावा.

वैशाखात चाचणी घेणे

मे महिन्यात दुपारी पारा ४२ च्या घरात असताना लॅपटॉप तापून स्वतःचा वेग उतरवतो, आणि मग जानेवारीच्या रात्री खेळलेला गेम ‘सुरळीत’ व मेमध्ये खेळलेला ‘भिकार’ ठरतो. आर्मा ३ चा भार ग्राफिक्स कार्डापेक्षा प्रोसेसरवर जास्त पडतो, त्यामुळे तिथे हा फरक लगेच दिसतो. दोन्ही गेम एकाच रात्री, मागची जाळी पुसून, लॅपटॉप थोडा उचलून ठेवून चालवावेत. आर्मात दृश्याचे अंतर (किती लांबपर्यंतचे दिसावे ते) आधी कमी करावे, टेक्श्चरला नंतर हात लावावा. सर्व्हर मुंबई किंवा सिंगापूरचा निवडावा, कारण युरोपातल्या सर्व्हरवर उशिरा पोहोचणाऱ्या गोळीचा दोष गेमला देण्यात अर्थ नाही. लाईट गेल्यावर लॅपटॉप बॅटरीवर चालत राहतो पण राउटर बंद पडतो, तेव्हा राउटरची पिन इन्व्हर्टरच्या सॉकेटमध्ये लावलेली आहे ना, हे सामना सुरू होण्याआधीच पाहून घ्यावे.