अंगणात हिमरेषा कशी आखावी

कोवळ्या ताऱ्याभोवती वायू-धुळीची तबकडी फिरते; तिच्यात ज्या अंतरापलीकडे पाण्याची वाफ गोठून बर्फ बनतो, ती हिमरेषा. फोंड्याच्या घरी पुतण्यांना मी ती अशी शिकवते. तुळशीवृंदावन म्हणजे कोवळा तारा, एक पाऊल म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतर. सूर्यासारख्या ताऱ्यापासून एका पावलावर तबकडीचं तापमान 280 केल्विन धरा. वाफ गोठते 170च्या आसपास. 280 भागिले 170, आलेल्या उत्तराचा वर्ग: 2.7 पावलं. तिथे मिठागरातल्या जाड्या मिठाची रेघ ओढा. (पावसाळ्यात नको, मिठाला पाणी सुटतं.) खऱ्या तबकडीत मात्र पाणी मधे होतच नाही, दाब इतका कमी, की धुळीच्या कणांवर वाफेचा थेट बर्फ. गुरू 5.2 पावलांवर, आमच्या पायरीशी.

रेघ हलतेसुद्धा! व्ही 883 ओरायनिस हा तारा भडकला आणि ती सुमारे 40 पावलांवर गेली. 2016 साली आल्मा दुर्बिणीमुळे कळलं. आमची चाळीस पावलं शेजाऱ्यांच्या माडाखाली संपतात. तिथे कुत्रा बांधलेला असतो.