कुठं दुखतंय ते नीट सांगा: पुण्यात नवीन आलेल्यांसाठी

लातूर, नांदेड, परभणीकडून पुण्यात आलेल्या पोरापोरींना खोली कशी शोधायची, मेस कुठली बरी, पीएमपीचा पास कुठं मिळतो हे कुणीतरी सांगतंच. आजारी पडल्यावर काय बोलायचं हे मात्र कुणी सांगत नाही. मीही तिकडचीच. बरीच वर्षं इथं एका खासगी दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीत बसते. आपली लेकरं तिथं येऊन अवघडून जे इंग्रजी बोलतात ते रोज ऐकते, म्हणून हे लिहिते.

आधी मराठीतच बोलून बघा. पुण्यात मराठी समजणारे डॉक्टर भरपूर आहेत. ‘पोट दुखायलंय’ ऐकून एखादा हसलाच तर हसू द्या, त्याला कळलेलं असतं. पण ससूनला, म्हणजे सरकारी रुग्णालयात, बाहेरच्या राज्यांतून शिकायला आलेले निवासी डॉक्टर भेटतात, खासगीत सिस्टर केरळच्या असतात, आणि हिंजवडी-खराडीतल्या आयटी कंपन्यांत मॅनेजर कुठलाही असू शकतो. तिथं थोडं इंग्रजी लागतं.

शाळेनं आपल्याला दुखण्याचं एकच इंग्रजी वाक्य दिलं, रजेच्या अर्जातलं: ‘आय ॲम सफरिंग फ्रॉम फीवर’. ताप नसला तरी फीवर! कंपनीत ते नको. ‘आय ॲम अनवेल, टेकिंग सिक लीव्ह टुडे’ एवढं पुरतं. लूज मोशनचा तपशील टीमच्या ग्रुपवर टाकू नका, तो वाचायची कुणाचीच इच्छा नसते.

डॉक्टरला मात्र तपशीलच हवा असतो. नुसतं ‘पेन’ म्हणून भागत नाही, कारण दुखण्याच्या जातीवरून कारणाचा अंदाज बांधतात. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या रोनाल्ड मेल्झॅक यांनी १९७५ मध्ये रुग्णांसाठी प्रश्नावली छापली, तिच्यात दुखण्याचे ७८ इंग्रजी शब्द २० गटांत लावले होते. आपल्याला इतके लागत नाहीत. शिवाय आपली आजी ठणका, कळ, चमक, उसण, मुरडा यांत कधी गल्लत करत नव्हती, म्हणजे वर्गवारी घरातच आहे.

दाढ किंवा गळू ठसठसतं ते ‘थ्रॉबिंग’. कमरेतून पायात चमक जाते ती ‘शूटिंग’, आणि ती गुडघ्याखाली उतरते का तेही सांगा, मज्जातंतूवर (नर्व्हवर) दाब असेल तर तिथंच धागा मिळतो. लघवीला किंवा छातीत आग होते ती ‘बर्निंग’. पोटात मुरडा येतो तो ‘क्रॅम्प’. मुंग्या म्हणजे ‘टिंगलिंग’. बधिर झालं, चिमटा काढला तरी कळत नाही, ते ‘नम’. कळ येते आणि जाते, तर ‘इट कम्स इन वेव्ज’ म्हणा. मूतखड्याची कळ बहुतेकदा अशीच असते. दुखणं बेंबीपाशी सुरू होऊन उजवीकडे खाली सरकलं असेल, तर ‘इट मूव्ह्ड’ हे दोन शब्द विसरू नका. अपेंडिक्सची शंका त्यावरून येते.

माझ्या खिडकीत सगळ्यात जास्त ऐकू येणारा शब्द ‘वीकनेस’, आणि तो मला मुळीच आवडत नाही. अंग गळून गेलंय, जेवण जात नाही, तर ‘टायर्ड’ म्हणा. हात उचलता येत नाही, चप्पल पायातून निसटते, तिथं ‘वीकनेस’. हे एकाच बाजूला, अचानक झालं, तोंड वाकडं झालं किंवा बोबडी वळली, तर पहिला शब्द ‘सडन’ आणि दुसरी गोष्ट वेळ: किती वाजता सुरू झालं. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देतात. रूममेटला झोपवून सकाळची वाट बघू नका.

तसंच छातीचं. छाती भरून येते, दडपण येतं, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ जाते, दरदरून घाम येतो, आणि आपण खिडकीत येऊन म्हणतो, ‘गॅस झालाय वाटतं.’ निदान तुम्ही करू नका. ‘चेस्ट टाइटनेस, स्वेटिंग’ म्हणा, म्हणजे रांगेत उभं करणार नाहीत. खोलीवर असाल तर १०८ लावा, मराठीत बोलतात आणि ॲम्ब्युलन्सला पैसे पडत नाहीत.

‘शून्य ते दहात किती दुखतंय?’ असं विचारलं की आपली माणसं भिडेखातर दोन सांगतात. आकडा सुचत नसेल तर काय करता येत नाही ते सांगा: ‘कान्ट स्लीप’, ‘कान्ट क्लाइम्ब स्टेअर्स’.

मनाच्या दुखण्याला आपल्याकडं ‘टेन्शन’ हा एकच डबा, त्यात परीक्षा, ब्रेकअप, ईएमआय सगळं कोंबायचं. घरची आठवण येते ते ‘होमसिक’. पण झोप उडाली, कशात मन लागत नाही, आठवड्यामागून आठवडे तेच चाललंय, तर डॉक्टरला तसंच सांगा. ‘डिप्रेशन’ हे नाव त्यांना देऊ द्या. इंग्रजीची अडचण असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, मराठीतही बोलता येतं.

आता ‘अजून ठरलं नाही’ हे सांगण्याची भाषा, तीही दुखण्याइतकीच अडते. आपलं ‘बघतो’ पुण्यातल्या घरमालकाला नकार वाटतं आणि खोली दुसऱ्याला जाते. ऑफिसात ‘आय विल ट्राय’ म्हटलं की मॅनेजर होकार धरून चालतो. ‘नॉट शुअर येट, आय विल टेल यू बाय थर्सडे’, असा दिवस घालून बोला. ‘आय हॅव अ डाउट’ आपल्या वर्गात चालायचं, अमेरिकेच्या क्लायंटला मात्र त्यात अविश्वास ऐकू येतो. तिथं ‘क्वेश्चन’ म्हणा.

दवाखान्यात याची खरी किंमत संमतीपत्रावर सही करताना कळते. ‘आय ॲम कन्फ्यूज्ड’ म्हटलं की डॉक्टर तेच पुन्हा समजावतात. तुम्हाला समजलंय, पण ठरत नाहीये, तर ‘आय हॅवन्ट डिसाइडेड, आय नीड टाइम’ म्हणा. तातडीचं नसेल तर घरचे लातूरहून पोचेपर्यंत थांबायला सांगण्यात वावगं काही नाही. कागद इंग्रजीत असेल तर मराठीतून समजावून मागा. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या रुग्ण हक्कांच्या सनदेत दुसऱ्या डॉक्टरचं मत घेण्याचा हक्कही आहे. ‘सेकंड ओपिनियन’ म्हटलं की कुणी रागावलंच तर रागावू द्या, रिपोर्टच्या प्रती तेवढ्या मागून घ्या.