पाणी ठेवलं, खोपा टांगला, तरी कुणी येत नाही? या चुका टाळा

घराभोवती पक्षी, फुलपाखरं यावीत म्हणून लोक हौसेने मांडामांड करतात आणि आठवडा उलटला नाही तोच कंटाळतात. घाई हा पहिला दोष. बाकीच्या चुका तर पाठ व्हाव्यात इतक्या ठरलेल्या आहेत.

पाण्याचं भांडं

सर्वांत जास्त घोळ इथेच होतो. खोल, गुळगुळीत भांडं काठोकाठ भरून ठेवतात. लहान पक्ष्याला त्यात उतरता येत नाही. त्याला पाय टेकवून उभं राहायचं असतं. कडेला १-२ सेंमी आणि मध्ये फार तर ५ सेंमी पाणी पुरे. मातीचं पसरट परळ सगळ्यांत बरं, कारण त्यावर पाय घसरत नाही. धातूचं भांडं उन्हात तापतं. खोल भांड्याशिवाय दुसरं नसेलच, तर पाण्याबाहेर डोकावेल असा चपटा, खरबरीत दगड मधोमध ठेवा. मधमाश्याही त्यावर बसून पाणी पितात. नाहीतर बुडून मरतात.

दुसरा घोळ डासांचा. ‘आम्ही रोज पाणी भरतो’ असं सांगणारे बहुतेक जण जुन्या पाण्यात वरून नवं ओततात. उबदार हवेत अंड्यापासून उडता डास व्हायला साधारण ७ ते १० दिवस लागतात, त्यामुळे नुसती भर घालून काही साधत नाही. भांडं ओतून लगेच परत भरणंही अपुरं आहे. डेंग्यू पसरवणारा एडिस डास पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या ओलसर भिंतीला अंडी चिकटवतो. ही अंडी कोरडी पडूनही कित्येक महिने तग धरतात आणि पाणी चढलं की फुटतात. म्हणून भिंत घासायची. काथ्या घ्या, साबण नको. सरळ दोन परळं ठेवा: एक भरलेलं, दुसरं घासून उन्हात पालथं. रोज अदलाबदल केली की विसरायला जागा उरत नाही. एवढं जमणार नसेल तर पाणी न ठेवलेलंच बरं.

जागा निवडताना झुडूप दोन-तीन मीटरवर असू द्या. अगदी खेटून असेल तर मांजर तिथेच दबा धरतं.

खिडकीची काच

काचेत आभाळ दिसतं आणि पक्षी थेट धडकतात. ससाण्याचं एकच स्टिकर मधोमध चिकटवून काही होत नाही. पक्षी त्याच्या बाजूने जायला बघतो आणि काचेवरच आपटतो. ठिपके किंवा पट्ट्या बाहेरच्या बाजूने, सगळ्या काचेवर, ५-५ सेंमी अंतराने हव्यात.

‘पडलेलं’ पिल्लू उचलणं

हा प्रकार दर हंगामात त्याच क्रमाने घडतो. झुडपाखाली आखूड शेपटीचं, पिसं फुटलेलं पिल्लू दिसतं. कुणीतरी ते बुटाच्या खोक्यात कापूस घालून ठेवतं. ड्रॉपरने चोचीत पाणी सोडतात, मग दूध. संध्याकाळपर्यंत पिल्लू मान टाकतं आणि घरचे हळहळतात, ‘आधीच अशक्त होतं.’ अशक्त नव्हतं. श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं, तिथून पाणी फुप्फुसात गेलं. दूध तर पक्ष्यांना पचतच नाही. आणि आईबाप दिवसभर चोचीत अळ्या घेऊन त्या झुडपापाशी घिरट्या घालत होते.

आधी पिसं बघा. अंगभर पिसं आहेत आणि उड्या मारतंय, म्हणजे ते उडायला शिकतंय. हात लावू नका. रस्त्यावर असेल तर उचलून जवळच्या झुडपात ठेवा आणि लांबून तासभर लक्ष ठेवा. उघडं-बोडकं असेल तर घरट्यात परत ठेवा. माणसाचा वास लागला की आई पिल्लू टाकते, हा गैरसमज आहे. घरटंच कोसळलं असेल, तर तळाला भोकं असलेली छोटी टोपली शक्य तितक्या जवळ बांधा. मांजराच्या तोंडातून सोडवलेलं पिल्लू मात्र वरून धडधाकट दिसलं तरी त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या. दातांतल्या जंतूंनी ते दगावतं. नेताना अंधारं, हवेशीर खोकं वापरा. तोंडात काहीही घालू नका.

लाकडी खोपा

चिमणीसाठी ३२ मिमीचं भोक पुरतं. भोकाखाली बसायला दांडी नको. चिमणीला ती लागत नाही, अंडी पळवणाऱ्यांना मात्र सोयीची होते. तळाला पाणी निथळायला भोकं ठेवा, आतून रंग नको, आणि तोंड दुपारच्या उन्हाकडे नको. एक हंगाम रिकामा गेला म्हणून जागा बदलत बसू नका.

फुलं लावली, पानं विसरली

फुलपाखरू मधासाठी फुलावर येतं, पण राहतं ते अळीला खायला पान असेल तर. लिंबाच्या कोवळ्या पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखं काही दिसलं तर पुसू नका. ती बहुधा अळी असते, पुढे हिरवी होते. ‘फुलपाखरं हवीत पण पानं कुरतडलेली नकोत’ म्हणणाऱ्यांनी फुलपाखरांचं चित्र लावावं.

फवारणी

मावा, म्हणजे झाडाचा रस शोषणारी बारीक कीड, दिसला की लगेच फवारा मारू नका. त्याच फांदीवर काळसर, लांबट, नारिंगी ठिपक्यांची जी अळी फिरते ती ढालकिड्याची (लेडीबगची), आणि ती मावाच खाते. लोक नेमकी तिलाच आधी चिरडतात. पाण्याच्या जोरदार धारेने मावा झाडून टाका आणि आठवडाभर थांबा.

पालापाचोळा जाळू नका, झाडाखालीच राहू द्या. झाडांवर रात्रभर सोडलेले दिवे बंद करा. बाहेर दिवा लागतच असेल तर पिवळसर, खाली तोंड केलेला लावा.