लोगो करून घ्यायला येताना

सगळ्यात आधी नाव पक्कं करून या, आणि ते देवनागरीत नेमकं कसं लिहायचं तेही. ऱ्हस्व की दीर्घ, जोडून की तोडून, घरात सगळ्यांनी बसून ठरवा. अक्षरं बांधून झाल्यावर एक वेलांटी बदलायची म्हटली तरी मधल्या मोकळ्या जागा पुन्हा मांडाव्या लागतात. ‘इंग्रजी आता करू, मराठीचं नंतर बघू’ असंही करू नका. २०२२च्या दुरुस्तीपासून महाराष्ट्रात दुकानाच्या पाटीची सुरुवात मराठीतून, देवनागरीतच करावी लागते आणि ती अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. मराठी लोगो तयार नसला की फ्लेक्सवाला हाताला लागेल तो फॉन्ट टाकतो.

मग एक कागद घ्या आणि लोगो कुठेकुठे लागणार ते लिहून काढा. मसाल्याचा धंदा असेल तर पाऊच, खोक्यावरची चिकटपट्टी, बिलबुक, टेम्पोची बाजू, व्हॉट्सअ‍ॅपचा गोल डीपी, रबरी शिक्का. यातली सगळ्यात लहान आणि सगळ्यात कच्च्या छपाईची जागा अधोरेखित करा, कारण लोगोची परीक्षा तिथेच होते. देवनागरी अक्षर तीन मजली असतं: वर मात्रा आणि रफार, मध्ये शिरोरेषेखालचं अंग, खाली उकार. एवढ्याशा उंचीत तिघांना बसवायचं म्हणजे मधलं अंग आक्रसतं. सुरुवातीच्या काळात मी एका बचतगटासाठी पापडाच्या पाकिटाचा लोगो केला होता. स्क्रीनवर त्यातला रफार मला फार आवडला होता. शिक्का बनून आला आणि पहिल्याच ठशात शाई भरून रफार शिरोरेषेला चिकटला, नाव वाचताच येईना. शिक्का लागणार आहे हे मी त्या ताईंना विचारलंच नव्हतं. आता पहिला मसुदा मी एक सेंटिमीटर रुंदीत, काळ्या शाईत छापतो आणि हात लांब करून वाचतो.

रंग आवडीचे असतील तर जरूर सांगा, पण ते शेवटी भरायचे असतात. स्टेट बँकेचं चिन्ह आठवा. १९७१ साली अहमदाबादच्या एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतल्या शेखर कामतांनी केलेलं ते वर्तुळ आणि त्यातली किल्लीच्या भोकासारखी फट, निळा रंग काढून घेतला तरी लगेच ओळखू येते. खेड्यातल्या शाखेच्या पाटीवरही आणि पासबुकावरही. त्यात नोटा, इमारत, हस्तांदोलन काहीच नाही. म्हणून ‘आमच्या लोगोत मिरची, हळद, जातं आणि सूर्य हवा’ अशी यादी आणण्याऐवजी तुमच्या मालाबद्दल गिऱ्हाईक जे एक वाक्य बोलतं ते आणा.

बाजारातून तुमच्यासारख्याच मालाची आठ-दहा पाकिटंही घेऊन या. टेबलावर शेजारीशेजारी मांडली की सगळीच लाल-पिवळी दिसतात, आणि आपल्याला कुठे वेगळं उभं राहायचं ते तिथेच समजतं.

छत्रपती शिवाजी महाराजांचं चित्र लोगोत घ्यावं असं पुष्कळांना मनापासून वाटतं. पण १९५०च्या बोधचिन्हं व नावांसंबंधीच्या कायद्याने महाराजांचं नाव किंवा चित्र केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय व्यापारासाठी वापरता येत नाही. भारताच्या राजमुद्रेवरच्या सिंहांचंही तसंच. नाव मिळतंजुळतं आहे का ते ट्रेडमार्क नोंदणीच्या संकेतस्थळावर शोधून घ्या. तिथे मालाचे क्रमांकवार वर्ग असतात, मसाल्याचा वर्ग ३० आहे. नोंदणी दहा वर्षं टिकते, पुढे नूतनीकरण करता येतं.

पैशांचं बोलताना हक्कांचंही बोला. डिझायनरकडून हक्क लेखी घ्या आणि त्यात मुदत व प्रदेश लिहून घ्या. ते लिहिलं नाही तर कॉपीराइट कायद्यानुसार हस्तांतर पाचच वर्षांचं आणि फक्त भारतापुरतं धरलं जातं. दुबईला लोणचं पाठवणाऱ्याने हे विसरू नये. फाइल कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये आणि पीडीएफमध्ये, अक्षरं कर्व्ह केलेली, म्हणजे फॉन्ट नसला तरी बदलणार नाहीत अशी आकृती केलेली, मागा. नुसती जेपीजी टेम्पोवर मोठी केली की कडा फुटतात.

होकार कोण देणार ते एकच माणूस ठरवून या.

आणि वडिलांच्या काळातली जुनी पाटी असेल तर तिचा समोरून, उजेडात काढलेला फोटो आणा. पेंटरने हाताने काढलेला तो ‘ळ’ जुनी गिऱ्हाइकं लांबून ओळखतात. तो नव्या लोगोत ठेवायचा की नाही, हे फोटो समोर असला तरच ठरवता येतं.