भविष्यातला मेंढवाडा भिंतीवर कसा उतरवायचा

अमेरिका-कॅनडातले मूलनिवासी कलावंत विज्ञानकथेतून, चित्रांतून स्वतःचा उद्या मांडतात. ग्रेस डिलन या अनिशिनाबे या मूलनिवासी समाजातल्या अभ्यासक बाईंनी त्याला ‘इंडिजिनस फ्युचरिझम्स’ म्हटलं. आटपाडी, जत किंवा माणमधल्या धनगरवस्तीवर असं चित्र करायचं तर रंग नंतर, आधी प्रश्न.

साल एक निवडा, बदलही एकच. समजा २१००: टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी शिवारभर फिरलं, पडीक रान उरलं नाही. मग मेंढरं चरणार कुठं? दिवाळीनंतर बिऱ्हाड कुठल्या वाटेनं निघणार? खतासाठी शेतात मेंढ्या बसवायचा मोबदला कोण ठरवणार? वाघर (मेंढरं कोंडायची जाळी), घोंगडं, घोड्यावरचं ओझं, एकेका वस्तूचं काय होईल ते जाणत्यांना विचारून लिहा. मेंढक्याच्या डोक्यावर नुसतं यान काढलं तर ते कॅलेंडरावरचं गुळगुळीत चित्र होतं. धनगरांचा देव बिरोबा, त्याची खूण काढायची असेल तर वस्तीतल्या थोरांची परवानगी आधी.

भिंत १० × ५ फूट धरा. कागदावर २० × १० इंचांत चित्र काढून २ इंचांचे चौकोन पाडा. भिंतीवर तोच चौकोन १ फुटाचा. ऑइलपेंट असेल तर खरवडा, ओल असेल तर दुसरी भिंत बघा.

मागचा रंग गेरूचा. गेरू रात्रभर भिजवून फडक्यानं गाळा. चार वाट्या दाट गेरूला पाऊण वाटी फेविकॉलपासून सुरुवात करा. कोपऱ्यात लावून वाळल्यावर बोट फिरवा: रंग बोटाला आला तर फेविकॉल वाढवा. पण चकाकी आली की जास्त झाला, मग वरचा चुना धरत नाही, पापुद्रे निघतात.

रेषा चुन्याच्या. आदल्या दिवशी विरवलेला चुना गाळून पातळ दुधाइतका करा. डोळ्यांना चष्मा, हाताला मोजे हवेतच. ओला चुना जेमतेम दिसतो, वाळल्यावर उजळतो. नवखे तो दिसेना म्हणून पुन्हा पुन्हा गिरवतात आणि जाड थर तडकतो. दोन पातळ हात पुरे. उन्हाच्या तडाख्यात चुना पटकन वाळतो आणि भुकटी होऊन झडतो, म्हणून काम सकाळीच करा, गेरूवर आधी पाण्याचा हलका फवारा मारून.

गेरू-पांढरा समोर आला की हात आपसूक त्रिकोणी माणसांकडे वळतो. ती पालघरकडच्या वारल्यांची. आपल्याकडे घोंगड्याचे काठ आहेत, गजी या धनगरी नाचाचं रिंगण आहे.

पाऊस तिरका लागणाऱ्या भिंतीला वर फूटभर पत्रा ठोका, नाहीतर गेरूचे ओघळ पांढऱ्या रेषांवर उतरतात.