अख्ख्या सफरचंदाचं डम्पलिंग: ओव्हन लावण्याआधीची तयारी

सफरचंदाच्या डम्पलिंगमध्ये दोन गोष्टी एकाच वेळी शिजून तयार व्हाव्या लागतात: आतलं अख्खं सफरचंद आणि बाहेरची मैद्याची पारी. एकदा डम्पलिंग ओव्हनमध्ये गेलं की त्यातलं एक लवकर काढता येत नाही आणि दुसरं मागे ठेवता येत नाही. सफरचंद मोठं निघालं तर ते शिजेपर्यंत पारी करपते. पारी जाड लाटली तर ती आतून कच्ची राहते आणि सफरचंदाचा लगदा होतो. ही जुळणी बाजारात सफरचंद निवडताना, आदल्या रात्री पीठ भिजवताना आणि ओव्हनची आतली जागा मोजताना करून ठेवायची असते. म्हणून कृतीपेक्षा तयारीबद्दलच जास्त लिहिते आहे.

पदार्थ अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्याचा. सतराव्या शतकाच्या शेवटापासून तिथे येऊन वसलेल्या जर्मनभाषक कुटुंबांच्या वंशजांना पेनसिल्व्हेनिया डच म्हणतात. लँकेस्टर परगण्यातले आमिश आणि मेनोनाइट या ख्रिस्ती पंथांचे शेतकरी त्यांच्यातलेच. इंग्लंडमध्ये अठराव्या शतकात अशी डम्पलिंगं कापडात बांधून उकळत्या पाण्यात शिजवत. पेनसिल्व्हेनियातल्या स्वयंपाकघरांत ती भाजली जातात, भोवती दालचिनीचा पाक असतो, आणि वरून गार दूध ओतून कित्येक घरांत तेच रात्रीचं जेवण होतं. क्रेसंट रोल म्हणजे चंद्रकोरी पावाच्या तयार पिठात फोडी गुंडाळून वर थंड पेय ओतायचा झटपट प्रकार अमेरिकेत हल्ली बराच चालतो. तो इथे धरलेला नाही. ही यादी अख्ख्या सफरचंदाच्या सहा डम्पलिंगांची आहे.

सुरुवात सफरचंदांपासून, आणि सगळ्यात जास्त वेळही इथेच द्यावा. आंबटपणा हवा, कारण पोटातली साखर आणि बाहेरचा पाक मिळून गोडवा भरपूर असतो. गर कणखर हवा, कारण काही जाती उष्णता लागताच विरघळतात. मॅकिंटॉश चटकन मऊ पडतं, ते सॉससाठी उत्तम, इथे नको. आणि सहाही नग एकाच मापाचे हवेत: आडवे साधारण सात सेंटीमीटर, वजनाला दीडशे ते पावणेदोनशे ग्रॅम. दुकानदार मोठी, चकचकीत सफरचंदं पुढे करेल, ती परत ठेवा. घेताना सहाऐवजी सात घ्या. सातवं अर्धं कापून, साल काढून, गरम ओव्हनमध्ये वीस मिनिटं ठेवा. आकार टिकला, सुरी सहज शिरली आणि चव फिकी पडली नाही, तर बाकीची सहा कामाची आहेत.

अमेरिकेत राहणाऱ्यांना सप्टेंबर-ऑक्टोबरात निवडीला वाव असतो. पेनसिल्व्हेनियात गेटिसबर्गच्या उत्तरेला अ‍ॅडम्स परगण्याचा सगळा पट्टा सफरचंदांच्या बागांचा आहे. न्यू जर्सी किंवा मेरीलँडमधून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं. तिथे स्टेमन किंवा रोम मागा. रोम कच्चं खायला साधारणच लागतं, पण भाजल्यावर आकार धरून राहतं. यॉर्क इम्पीरियल ही तिथलीच, यॉर्क गावाजवळची जुनी जात. चवीला ती मला फार आवडते, पण फळ एका अंगाला कललेलं असतं आणि मधोमध कोरायला गेलं की एकीकडची भिंत पातळ पडते. पहिल्यांदा करताना यॉर्क घेऊ नका. बागेपर्यंत जाणं जमत नसेल तर ग्रॅनी स्मिथ बारा महिने मिळतं आणि निराश करत नाही.

पुण्या-मुंबईत गाड्यावर लाल दिसतं ते बहुतेक डेलिशियस कुळातलं. त्याचीही पेनसिल्व्हेनियाशी ओळख आहे. फिलाडेल्फियात जन्मलेले सॅम्युएल स्टोक्स १९०४ साली कुष्ठरोग्यांच्या सेवेसाठी भारतात आले, सिमल्याजवळच्या कोटगढला स्थायिक झाले आणि १९१६ च्या सुमारास त्यांनी अमेरिकेतून रेड डेलिशियसची रोपं आणून तिथे लावली. पुढे १९३२ मध्ये ते सत्यानंद स्टोक्स झाले. हिमाचलच्या सफरचंदांची आजची बाजारपेठ त्या रोपांपासून उभी राहिली. या माणसाबद्दल मला मनापासून आदर आहे, पण डम्पलिंगसाठी रेड डेलिशियस चालत नाही: आंबटपणा कमी आणि भाजल्यावर गर भुसभुशीत. त्याऐवजी पिवळं गोल्डन डेलिशियस शोधा. हिमाचल-काश्मीरच्या बागांत ते असतंच, आणि ऑगस्टपासून पुढचे दोन-तीन महिने मोठ्या फळबाजारात दिसतं. ते ग्रॅनी स्मिथपेक्षा गोड असल्यामुळे पाकात एका लिंबाचा रस वाढवा.

मग कोरण्याचं हत्यार. सफरचंद कोरायची नळी मिळते, पण ती आरपार जाते आणि आपल्याला तळ शाबूत हवा आहे. तळाशी बोटभर गर राहिला नाही तर आतलं लोणी आणि साखर वितळून खाली गळते, आणि पारीचा तळ ओला होऊन फाटतो. म्हणून नळी तीन चतुर्थांश आत घालून फिरवा आणि उरलेला गाभा छोट्या टोकदार चमच्याने खरवडून काढा. खरबुजाचे गोळे काढायचा चमचा घरात असेल तर नळीही लागत नाही. साल काढायला नेहमीची बटाट्याची सोलणी पुरते. सफरचंद सोलायच्या यंत्राचं अमेरिकेतलं अगदी सुरुवातीचं पेटंट १८०३ साली पेनसिल्व्हेनियाच्याच मोझेस कोट्स यांना मिळालं. हिवाळ्यासाठी पोत्यांनी सफरचंदं वाळवणाऱ्यांना त्याची गरज होती, सहा नगांना नाही.

आता पारी, आणि इथे एक सवय बाजूला ठेवावी लागते. करंजीला आपण कडकडीत मोहन घालतो. इथे लोणी गारच राहायला हवं. विरघळलेलं तूप पिठाच्या कणाकणाला लागतं आणि पारी खुसखुशीत होते, पण पदर सुटत नाहीत. गार लोण्याचे तुकडे पिठात तुकडेच राहिले तर ओव्हनमध्ये त्यांच्यातल्या पाण्याची वाफ होते आणि ती वाफ पदर उचलते. म्हणून इथे साजूक तूप चालत नाही. त्यात पाणीच नसतं. सहा डम्पलिंगांना साडेतीनशे ग्रॅम मैदा, पावणेदोनशे ग्रॅम लोणी, दोन चहाचे चमचे बेकिंग पावडर, अर्धा चमचा मीठ आणि सव्वाशे ते दीडशे मिलिलिटर गार दूध काढून ठेवा. आपल्याकडचं पिवळं लोणी खारट असतं, ते वापरलं तर मीठ वगळा. जुन्या पेनसिल्व्हेनियात लोण्याच्या जागी लार्ड, म्हणजे डुकराची चरबी घालत. अमेरिकेत दुकानातली तयार पारी घेणाऱ्या शाकाहारी लोकांनी पाकिटावर ‘लार्ड’ हा शब्द आहे का ते पाहूनच घ्यावी. तो कित्येकदा बारीक अक्षरांत असतो.

मुंबईच्या हवेत लोणी कापेपर्यंतच मऊ होतं. ते दोन तास फ्रीझरमध्ये ठेवा आणि जाड किसणीवर थेट मैद्यात किसा. मैदा आणि परातसुद्धा अर्धा तास फ्रिजमध्ये राहू द्या. बोटांच्या टोकांनी हलकेच चोळा, वाटाण्याएवढे तुकडे दिसत असतानाच थांबा. दूध थोडं थोडं घालून पीठ जेमतेम गोळा होईल इतकंच एकत्र आणा. मळू नका, मळलं की मैदा चिवट होतो आणि लाटताना आखडत राहतो. गोळा चौकोनी थापून, झाकून, रात्रभर फ्रिजमध्ये. हे आदल्या दिवशीच करावं, कारण विश्रांती मिळालेलं पीठ दुसऱ्या दिवशी मुकाट लाटलं जातं.

लाटायला पोळपाट लहान पडतो. ओटा पुसून कोरडा करा, किंवा जेवणाच्या टेबलावर जागा करा: छत्तीस सेंटीमीटर रुंद आणि चोपन्न लांब पोळी लाटायची आहे, जाडी तीन मिलिमीटर. त्यातून अठरा सेंटीमीटरचे सहा चौकोन निघतात. मोजपट्टी हाताशी ठेवा, अंदाजाने कापू नका. चौकोन दोन सेंटीमीटरने जरी कमी पडला तरी कोपरे वर जुळत नाहीत आणि ओढून जुळवलेली पारी भाजताना उकलते. कापलेले चौकोन ताटात कागद घालून पुन्हा वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. सफरचंदं त्या वेळात सोला, त्याआधी सोलून ठेवू नका. सोललेली लिंबाच्या पाण्यात बुडवा म्हणजे काळी पडत नाहीत, आणि गुंडाळण्याआधी आतून-बाहेरून कोरडी पुसा. ओल्या सफरचंदाला पारी चिकटत नाही, घसरते.

पोटात भरायला दर सफरचंदामागे एक मोठा चमचा ब्राउन शुगर, पाव चमचा दालचिनी पूड, जायफळ चिमूटभर आणि सुपारीएवढं लोणी. जायफळ कोकणातलं असेल तर आयत्या वेळी किसून घाला, त्याचा वास डबीतल्या पुडीला येत नाही. मनुके आणि अक्रोड घालणारे घालतात. माझ्या मते पोकळीत तेवढी जागा नसते आणि लोणी बाहेर राहतं. पाकासाठी दोनशे ग्रॅम ब्राउन शुगर, तीनशे मिलिलिटर पाणी, तीस ग्रॅम लोणी आणि दालचिनीचा एक तुकडा. उकळी आल्यावर चार मिनिटं. तार धरू द्यायची नाही, ओव्हनमध्ये तो आणखी आटणारच आहे. ब्राउन शुगर नसेल तर चांगला गूळ वापरा, पण गरम गुळाच्या पाकावर दूध ओतलं तर ते फाटू शकतं. तेव्हा वाढताना सायीचं क्रीम घ्या, किंवा डम्पलिंग कोमट होऊ द्या.

ओव्हनचं माप आदल्या दिवशी घ्या. सहा डम्पलिंगांना तेवीस बाय तेहेतीस सेंटीमीटरचं, निदान पाच सेंटीमीटर खोल भांडं लागतं, आणि दोन डम्पलिंगांमध्ये दोन बोटं अंतर हवं. चिकटून बसली तर मधल्या बाजू पांढऱ्याच राहतात. छोट्या ओटीजीत हे भांडं बसत नाही. तिथे चारच करा, सगळी मापं दोन तृतीयांश घ्या आणि वीस सेंटीमीटरचं चौकोनी भांडं वापरा. मायक्रोवेव्ह असेल तर कन्व्हेक्शनवरच. तापमान १९० अंश सेल्सियस, अमेरिकेतल्या ओव्हनवर ३७५ फॅरनहाइट, आणि ओव्हन किमान पंधरा मिनिटं आधी तापलेला हवा. कोमट ओव्हनमध्ये लोणी पदर उचलण्याआधीच वाहून जातं. भांड्याखाली एक जुना ट्रे सरकवून ठेवा. पाक उतू जातो आणि जळलेला पाक ओव्हनच्या तळावरून निघत नाही.

गुंडाळताना हाताशी वाटीभर पाणी आणि एक जाड सुई किंवा विणकामाची सळई असू द्या. सफरचंद चौकोनाच्या मधोमध, समोरासमोरचे कोपरे वर, कडा ओल्या बोटाने दाबून मिटवायच्या. मोदक वळणाऱ्या हातांना हे लगेच जमेल, फक्त इथे माथ्यावर छिद्र ठेवायचं असतं. त्यातून वाफ निघते, नाहीतर बाजूची कड फुटते. मग वर दुधाचा हात फिरवा, आणि उकळता पाक डम्पलिंगांच्या भोवती ओता. काही जण तो वरूनच ओततात. भोवती ओतला तर माथा कुरकुरीत राहतो आणि तळ पाक पिऊन मऊ होतो, मला दोन्ही हवं असतं. चाळीस मिनिटांनी माथ्याच्या छिद्रातून सळई घालून बघा. सफरचंदाच्या भिंतीत ती अडखळली तर वर फॉइल सैल पसरून आणखी दहा मिनिटं. शेवटच्या पाच मिनिटांआधी भांड्यातलाच पाक चमच्याने एकदा माथ्यांवरून फिरवा.

वाढायच्या वेळी खोलगट वाट्या आणि फ्रिजमधलं गार, न तापवलेलं पाश्चराइज्ड दूध तयार ठेवा. पंधरा मिनिटं थांबल्याशिवाय कुणालाही देऊ नका, आतला पाक जीभ भाजेल इतका गरम असतो. पाहुणे दुसऱ्या दिवशी येणार असतील तर भाजून ठेवण्यापेक्षा कच्चीच गुंडाळून फ्रीझरमध्ये ठेवा, पाक न ओतता. गोठलेली थेट ओव्हनमध्ये जातात, वेळ वीसेक मिनिटांनी वाढतो. भाजलेली उरली तर १६० अंशांवर पंधरा मिनिटं परत गरम करा. मायक्रोवेव्हमध्ये पारी ओली कणीक होते.