उवांवर कडुनिंबाचे तेल, बारीक फणी आणि तेरा दिवस

मुलांच्या डोक्यात उवा झाल्या म्हणजे घरात अस्वच्छता आहे, असा समज आजही पुष्कळ घरांत आहे आणि त्यापायी मुलीला चारचौघांत बोल लावला जातो. प्रत्यक्षात ऊ स्वच्छ धुतलेल्या केसांतही तितक्याच सुखाने राहते. ती उडत नाही, उडीही मारत नाही. बाकावर दोन डोकी जवळ आली, केसाला केस लागला की ती एका डोक्यावरून दुसऱ्या डोक्यावर जाते. त्यामुळे उपाय सुरू करण्याआधी मुलीला शांतपणे सांगावे की यात तिची काहीच चूक नाही, आणि त्याच दिवशी घरातील सर्वांची डोकी तपासावीत.

तपासणी उजेडात करावी. कानामागे आणि मानेवरच्या केसांत लिखा प्रथम सापडतात. कोंडा बोटाने झटकला की उडतो. लीख मात्र टाळूपासून अर्ध्या सेंटीमीटरच्या आत केसाला एका बाजूने घट्ट चिकटलेली असते आणि दोन नखांत धरून ओढल्याशिवाय सरकत नाही. पूर्ण वाढलेली ऊ तिळाएवढी असते.

वनस्पतीजन्य उपायांपैकी मी कडुनिंबाच्या तेलावर सर्वांत जास्त विश्वास ठेवते. एक चमचा कडुनिंबाचे तेल चार चमचे खोबरेल तेलात मिसळून किंचित कोमट करावे. प्रथम थेंबभर मिश्रण मुलाच्या कोपराच्या आतील बाजूस लावून एक दिवस वाट पाहावी. लाली किंवा खाज आली नाही तरच पुढे जावे. नंतर केसांचे लहान लहान भाग पाडून मुळांपासून टोकापर्यंत तेल चोपडावे, दोन तास जुन्या कापडाने डोके बांधून ठेवावे आणि डोक्यावर तेल असतानाच फणी फिरवावी. कडुनिंबाचा उग्र वास मुलांना आवडत नाही, पण शिकेकाईने दोनदा धुतल्यावर तो बराचसा जातो. हे तेल पोटात गेल्यास लहान मुलांना गंभीर विषबाधा होऊ शकते. म्हणून दोन वर्षांखालील बाळाला ते लावू नये आणि बाटली मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवावी.

तेलाने उवा गुदमरून लगेच मरतात, असे समजू नये. ऊ आपली श्वासाची छिद्रे मिटून तासन् तास तग धरू शकते. तेलाचा खरा उपयोग असा की तिची हालचाल मंदावते, केस निसटते होतात आणि फणीला ती सहज सापडते. लिखांच्या कवचातून तर तेल आत जातच नाही. म्हणूनच एका रात्रीत उवा घालवणारा पाला किंवा तेल शोधत बसण्यापेक्षा बाजारातील दुहेरी, अगदी बारीक दातांची फणी आधी आणावी.

फणी टाळूला टेकवून एकाच ओढीत केसांच्या टोकापर्यंत आणावी आणि प्रत्येक ओढीनंतर पांढऱ्या फडक्याला पुसावी. फडक्यावर तपकिरी ठिपका हलताना दिसला की काम नीट चालले आहे असे समजावे. लांब दाट केसांना अर्धा-पाऊण तास सहज लागतो. घाईत वरवर विंचरणे म्हणजे न विंचरण्यासारखेच आहे. लीख फुटायला सात ते दहा दिवस लागतात आणि बाहेर आलेल्या पिलाला अंडी घालण्याजोगे व्हायला आणखी साधारण तेवढेच दिवस लागतात, त्यामुळे पहिल्या, पाचव्या, नवव्या आणि तेराव्या दिवशी फणी फिरवली तर नवी पिले मोठी होण्याआधीच निघतात. घरोघरी उपाय फसतो तो बहुधा इथेच: पहिल्या दिवशी खाज कमी होते आणि पाचवा दिवस विसरला जातो.

सीताफळाच्या बियांविषयी स्पष्ट लिहिणे भाग आहे. आमच्या आजीकडे त्या वाळवून डब्यात भरून ठेवलेल्या असत, आणि त्यांची भुकटी उवा मारते हेही खरे आहे. परंतु तीच भुकटी डोळ्यांत गेली तर बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला जखम करते. असे रुग्ण भारतातील नेत्रतज्ज्ञांनी नोंदवलेले आहेत. भुकटी लावलेले डोके धुताना पाणी कपाळावरून डोळ्यांतच उतरते आणि लहान मूल तेव्हा डोळे मिटून स्वस्थ बसत नाही, म्हणून हा उपाय घरी करूच नये. कोणी आधीच केला असेल आणि डोळ्यांची आग होत असेल, तर स्वच्छ पाण्याने डोळे निदान पंधरा मिनिटे धुऊन लगेच नेत्रतज्ज्ञांकडे जावे. धोतऱ्याचा रस आणि रॉकेल यांनाही हीच मनाई आहे. खोबरेल तेलात कापूर घालण्याची पद्धत सर्रास आढळते, पण कापूर त्वचेतून शोषला जातो आणि लहान मुलांना त्याने झटके येऊ शकतात. लिंबाच्या रसाने लिखांचा चिकट सुटत नाही. खाजवून ओरखडे पडलेल्या टाळूची मात्र चांगलीच आग होते.

अंथरुणासाठी फार धावपळ नको. डोक्याबाहेर ऊ एक-दोन दिवसांपलीकडे जगत नाही. उशांचे अभ्रे, टॉवेल आणि रिबिनी गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवाव्यात, फणी उकळत्या पाण्यातून काढावी, एवढे पुरते. तेराव्या दिवशीही फडक्यावर जिवंत ऊ दिसली तर डॉक्टरांना विचारून परमेथ्रिनचे लोशन वापरावे. टाळूवर पू, ताप किंवा मानेमागे गाठी असतील, तर तेराव्या दिवसाची वाट न पाहता मुलाला लगेच दाखवावे.